सतरा नंबरची हजेरी

परसराम गुरुजींच्या वेबसाइटवर दोनशे चौदा व्हिडिओ होते आणि पोरांना त्यातला एकही धड सापडत नव्हता. गुरुजींना मात्र सगळे सापडत. अपूर्णांक कुठं आहेत विचारलं की पटकन सांगायचे, "‘तीन भाकरी अन् चार पोट्टे’ पाय." शेकडेवारी? "‘शंभर आंब्यातले सडके किती’." लसावि? "‘वरठी टेसनावरच्या दोन गाड्या’." आता सहावीतल्या एखाद्या पोरीला अपूर्णांक हवा असेल तर तिनं आधी भाकरी शोधायची, हे तिला कोण सांगणार? पण गुरुजींना हे पटवणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. चौतीस वर्षं फळ्यापुढं उभं राहून ज्यांनी स्वतःचंच खरं केलं, ते रिटायर झाल्यावर बदलतील होय?

साइट तशी गुरुजींच्या बायकोच्या, लीलाबाईंच्या वैतागातून जन्माला आली. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या, पुनर्वसनाच्या नव्या गावात पोरं दिवसभर मोकाट फिरू लागली, आणि गुरुजींना घर खायला उठलं. चार दिवस ऐकून घेऊन लीलाबाई म्हणाल्या, "मलेच पाढे शिकवून राहिले तुमी! त्या मोबाइलले शिकवा नं." गुरुजींनी ते मनावर घेतलं. घराच्या सपरीवर, म्हणजे पुढच्या पडवीत, फळा टांगला, मोबाइल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. त्यांची पोरगी रत्नमाला नागपूरला एका कंपनीत वेबसाइटी बनवायची. तिनं बापाच्या हट्टापायी दोन सुट्ट्या घालवून सगळे व्हिडिओ एका जागी लावून दिले. नाव ठेवलं ‘सपरीवरची शाळा’.

आणि प्रत्येक व्हिडिओची सुरुवात हजेरीनं व्हायची. हो, हजेरी! समोर चिटपाखरू नसताना गुरुजी जुना हजेरीपट उघडून एकेक नाव घ्यायचे आणि प्रत्येक नावानंतर ‘हजर’ ऐकायला थांबायचे. एकतीस नावं, जुन्या गावातल्या सातवीच्या शेवटच्या वर्गाची. ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, वर्ग पांगला, कोणी पुण्याला, कोणी नागपूरला, कोणी इथंच वाण्याच्या दुकानात. पावणेदोन मिनिटं ही हजेरी चालायची. बघणारा म्हणे, म्हाताऱ्याची हौस आहे, चालू द्या. हौस कसली! सतरावं एक नाव घेता यावं म्हणून गुरुजी उरलेली तीस घेत होते.

सतरा नंबर म्हणजे भोजराज. शकुनबाईचा एकुलता एक पोरगा. बाप लहानपणीच गेलेला, आई नदीतले मासे टोपलीत घेऊन बाजारोबाजार फिरायची. २०११ साली गाव उठायच्या गडबडीत पोरगा दीड महिना शाळेतच आला नाही. आईसोबत सामान वाहत होता, नव्या जागेवर खांब रोवत होता, ते गुरुजींना ठाऊक होतं. पण तपासणी आली. वरून सांगणं आलं की सतत गैरहजर असलेली नावं पटावरून कमी करा. गुरुजींनी लाल शाईनं रेघ मारली. अशा रेघा त्यांनी नोकरीत पन्नास मारल्या असतील.

आणि दोनच दिवसांनी भोजराज शाळेत आला. अंघोळ करून, तेल लावून, आपल्या जागेवर बसला. हजेरी सुरू झाली. सोळा नंबर झाला आणि गुरुजी थेट अठरावर गेले. पोरगं ‘हजर’ म्हणायला अर्धं उठलेलं, तसंच राहिलं. "सर, माझं नाव?" वर्ग फिसकन हसला. गुरुजींच्या डोक्यात तपासणीचे कागद घोंघावत होते. ते खेकसले, "तुझं नाव कमी झालं. उद्या आईले घेऊन ये, मंग पाऊ." पोरानं दप्तर उचललं आणि निघून गेलं. घरी गेलंच नाही. दुपारी कोणीतरी त्याला वरठीच्या टेसनावर पाहिलं, म्हणतात. चौदा वर्षांचं पोर. त्यानंतर त्याचा ना पत्ता, ना चिठ्ठी.

पोलीस झाले, देवऋषी झाले, पेपरात फोटो झाला. शकुनबाईनं गुरुजींना एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच गुरुजींना जास्त लागलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणून मग ही हजेरी. साइट सुरू झाली तेव्हा ते स्वतः आठ किलोमीटर गाडी हाणत धरणाच्या काठच्या तिच्या वस्तीवर गेले. तिच्या पुतण्याच्या, जागेश्वरच्या हातानं तिच्या मोबाइलवर साइट लावून दिली. बाई निरक्षर. तिला एवढंच शिकवलं की हे चित्र दाबायचं, मग सगळ्यात वरचं चित्र दाबायचं, की मी दिसतो. "मी रोज त्याचं नाव घेतो, शकुनबाई. पोट्टे आजकाल दुनियाभर मोबाइल पायतात. कुठंतरी ऐकंल तो."

शकुनबाईनं मोबाइल पदरानं पुसला होता. म्हणाली होती, "तुमी नाव घेऊन राहिले तवरक तो हाये, गुरुजी. मले बस एवढंच पायजे."

बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाला मेलेला धरून त्याचं क्रियाकर्म उरकून टाकायची रीत आहे. तिच्या समाजातली जाणती माणसं गेल्या वर्षी तिच्या दारी येऊन बसली होती. तिनं मोबाइल काढला, सतरा नंबर ऐकवला आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. हे जागेश्वरनंच गुरुजींना सांगितलं. तेव्हापासून तर गुरुजी ताप अंगात असला तरी एक नाव गाळत नसत.

या उन्हाळ्यात रत्नमाला बातमी घेऊन आली. एक संस्था चाळीस शाळांच्या टॅबवर ‘सपरीवरची शाळा’ टाकायला तयार होती. अट एकच, पोरांना ती कुणाच्या मदतीशिवाय वापरता आली पाहिजे.

"वापरता येते नं," गुरुजी म्हणाले.

"आपण बघू या," रत्नमाला म्हणाली.

पावसाळा लागल्यावर तिनं शहापूरला आपल्या मावशीच्या अंगणात पाच पोरं जमवली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल द्यायचा, एक पाठ शोधायला सांगायचा आणि नुसतं बघायचं. कुठं अडतं, कुठं चुकतं, कुठं कंटाळतं, ते लिहून घ्यायचं. मदत करायची नाही. "बाबा, तुम्ही हूं का चूं करायचं नाही," तिनं बजावलं. गुरुजींना समोर पोर अडलेलं असताना गप्प बसायला सांगणं! बिचारे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसले.

चार पोरांनी कसंबसं निभावलं. पाचवं पोर म्हणजे खुशबू, सहावीतली, दोन वेण्या, डोळ्यांत हुशारी नुसती चमकत होती. तिला अपूर्णांक शोधायला सांगितलं. तिनं ‘अपूर्णांक’ लिहिलं. ‘काही सापडले नाही.’ परत लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ बदलून. नाही. मग बोटानं वर-खाली, वर-खाली. गुरुजींच्या ओठांवर भाकरी येऊन अडली होती, रत्नमालेनं डोळे वटारले म्हणून त्यांनी ती गिळली. शेवटी पोरीनं आपल्या अकलेनं ‘तीन भाकरी’ उघडलं. गुरुजी मनात म्हणाले, शाब्बास!

हजेरी सुरू झाली. खुशबूनं चार नावं ऐकली, मग पुढं जायला बोट सरकवलं. नेट जेमतेम, चाक फिरत राहिलं आणि व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला. परत सरकवलं, परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदाही तेच. मग पोरीनं मोबाइल अलगद खाटेवर ठेवला, आणि कुणी रागावू नये अशा आवाजात म्हणाली, "मले नाई जमत, ताई. मी मठ्ठच आहो."

गुरुजींना वाटलं, कोणी तरी आपल्या कानफटात मारली.

परतीच्या वाटेवर बसमध्ये बापलेक शेजारी बसले होते. रत्नमाला काही मागत नव्हती. तिला सतरा नंबर ठाऊक होता. गुरुजीच म्हणाले, "काढून टाक हजेरी."

"बाबा..."

"काढ म्हनतो नं. त्या पोट्टीच्या तोंडातून काय निंगालं, ऐकलं तू? चूक आपली, अन् मठ्ठ ती! एका पोट्ट्याले मी माह्या हेकेखोरपणानं घालवलं. आता त्याच्यापायी दुसरे घालवू काय?" त्यांचा आवाज चढला तसे दोन-चार लोक वळून पाहू लागले.

रत्नमालेनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "आपण हजेरी फेकून नाही देणार. वेगळी ठेवू. ‘आमच्याबद्दल’ म्हणून एक पान आहे, तिथं खाली पूर्ण हजेरीचा एक व्हिडिओ लावते. भोजराजसकट. तुम्ही फक्त शकुनबाईंना जाऊन दाखवून या."

"जातो," गुरुजी म्हणाले. "उद्याच जातो."

आणि गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी कळलं की बाई भाताच्या रोवणीला गेली आहे, दिवसभर चिखलात असते. मग लीलाबाईंचा गुडघा दुखायला लागला. कारणं काय, शेंगदाण्यासारखी मूठभर मिळतात. खरी गोष्ट अशी की जाऊन बोलायचं काय, हेच त्यांना सुचत नव्हतं. ‘बाई, तुमच्या पोराचं नाव आता मी रोज घेणार नाही, ते खाली एका पानात ठेवलं आहे,’ हे कोणत्या तोंडानं सांगायचं? एकदा तर ते तिच्या वस्तीच्या कमानीपर्यंत गेले आणि गाडी वळवून परत आले. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

रत्नमालेनं महिनाभर राबून साइट नवी केली. पाठांना पुस्तकातली नावं, इयत्तेप्रमाणे रंग, मोठी बटणं, कमी नेटवर चालतील असे छोटे व्हिडिओ. पडद्यावर गुरुजी आले की पहिलंच वाक्य, "आज आपण अपूर्णांक शिकू." खुशबूला पुन्हा बसवलं, तर पोरीनं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पाठ काढून दाखवला आणि वर विचारलं, "बस, एवढंच?" त्या दिवशी गुरुजी लहान पोरासारखे हसले. चाळीस शाळांत साइट सुरू झाली. जो तो अभिनंदन करू लागला. शकुनबाईकडे रविवारी नक्की जायचं, असं त्यांनी दर रविवारी ठरवलं.

तिसऱ्या आठवड्यात जागेश्वर दारात आला. डोक्याचा पार गोटा केलेला.

"अरे बाप्पा, हे काय जागेश्वर? कोन गेलं?"

जागेश्वर सपरीवर टेकला. "शुक्रवारी तेरवी हाये, गुरुजी. काकूनं सांगतलं, पयले तुमाले सांगजो. भोजराजची."

गुरुजींनी खिडकीचा गज धरला. इतक्या वर्षांत ज्या बातमीला ते भीत होते ती आली होती, आणि पहिला विचार त्यांच्या मनात आला तो असा, की सापडला कुठं? "कवा गेला? कोन सांगतलं तुमाले?"

जागेश्वर त्यांच्याकडं बघतच राहिला. "तुमीच तं सांगतलं नं, गुरुजी."

"मी?"

"तुमी नाव घेनं बंद केलं. काकूनं त्या दिवशी लावलं तं हजेरीच नाई. मले बलावलं. मी धा व्हिडिओ उघडून पायले, धाईत नाई. काकू म्हने, गुरुजीले बातमी लागली, पन तोंडानं सांगवत नाई त्यायले. म्हनून नाव घेनं सोडलं." त्यानं डोक्यावरून हात फिरवला. "रडली नाई जास्त. म्हने, आता करून टाका. त्याच्या जागी पळसाच्या पानाचा पुतळा केला, नदीवर नेला. अग्नी मीच देल्ला."

लीलाबाई आतून धावत आल्या, तर गुरुजी गजाला धरून उभे. रत्नमालेला फोन लावायचं भान लीलाबाईंनाही राहिलं नाही. गुरुजींनी पायात चपला सरकवल्या, मोबाइल खिशात टाकला आणि जागेश्वरच्याच गाडीवर मागं बसले. वाटेत आठ किलोमीटर ते मनात एकच वाक्य घोकत होते. बाई, मले काईच ठाऊक नाई. तो मेला असं मले कोनीच सांगतलं नाई. जाऊन हे सांगायचं, पान उघडून सतरा नंबर ऐकवायचा, पाय धरायचे. जे इतके दिवस सांगितलं नाही ते आज सांगायचं.

शकुनबाई दारात तांदूळ निवडत बसली होती, तेरवीचे. गुरुजींना पाहून उठली, खाट टाकली, पाणी आणलं. गुरुजींना ती ओळखू येईना. वर्षानुवर्षं तिच्या मानेत एक ताठरपणा होता, रस्त्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की मान आधी तिकडं वळायची. आता रस्त्यानं पोरं पळत गेली, सायकल गेली, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"बाई," गुरुजी म्हणाले, "मले तुमाले काई सांगाचं हाये."

"सांगू नका, गुरुजी. मले समजलं नं. तुमच्या जिवावर आलं असन, तेई समजलं." तिनं सुपातला एक खडा बाहेर टाकला. "तेरा वर्सं मी दाराले कडी लावली नाई. कुत्रं घुसे, मांजर घुसे. पोट्टा आला अन् दार बंद दिसलं तं परत जाईन, असं वाटे. आता लावून झोपतो. परवा तं उजाडल्यावरई झोपलीच होती, जागेश्वरच्या बायकोनं उठवलं." ती थोडंसं हसली, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुमी रोज त्याचं नाव घ्या, अन् मी इथं बसून त्याच्यासाठी हजर म्हनो. रोज. कोनाले सांगतलं नाई. पागल म्हनतीन."

खिशातला मोबाइल गुरुजींनी हातात घेतला होता, पान उघडलेलं होतं, खाली हजेरीचं चित्र दिसत होतं. एक बोट लावायचं, एवढंच.

"एकच सांगा मले," शकुनबाई म्हणाली. "त्याले तरास तं नाई झाला नं?"

तिचे डोळे त्यांच्या तोंडावर खिळले होते. खरं सांगितलं तर ती विचारणार, मंग जिता हाये काय? आणि त्याचं उत्तर गुरुजींकडं नव्हतं. उद्यापासून पुन्हा कडी उघडी, पुन्हा पावलं ऐकणं, पुन्हा रोज त्या मोबाइलपुढं बसून हजर म्हणणं. चौतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारणाऱ्या माणसानं मोबाइल उलटा करून खाटेवर ठेवला.

"नाई बाई," ते म्हणाले. "तरास नाई झाला. झोपेतच गेला."

"कुठं?"

"हैदराबादेकडं. कामावर होता. चांगला होता. लोक नावाजत त्याले."

शकुनबाईनं पदर तोंडाशी धरला आणि मोकळेपणी रडली, जसं पहिल्याच दिवशी रडायला हवं होतं. जागेश्वरही भिंतीकडं तोंड करून रडला. गुरुजींना रडायचाही हक्क उरला नव्हता, ते नुसते बसून राहिले. निघताना ती म्हणाली, "शुक्रवारी या. पयलं ताट तुमचं." गुरुजी शुक्रवारी गेले. पहिलं ताट त्यांच्यापुढं आलं आणि त्यांनी ते शेवटच्या घासापर्यंत संपवलं.

रत्नमालेला त्यांनी ‘आमच्याबद्दल’च्या पानातला तो व्हिडिओही काढायला लावला. का, हे सांगितलं नाही. लीलाबाईंनी काय ते ओळखलं आणि त्याही बोलल्या नाहीत. शाळा चांगली चालली आहे. आता तर साठ शाळांत गेली. रत्नमालेनं प्रत्येक पाठाखाली ‘गुरुजींना फोन करा’ असं मोठं हिरवं बटण दिलं आहे, आणि पोरं ते दाबतात. गोंदियाहून, गडचिरोलीहून, कुठून कुठून अनोळखी नंबर येतात. पूर्वी असा नंबर दिसला की गुरुजींचा जीव आशेनं वर यायचा, असेल का तोच? आता असा नंबर दिसला की ते तो तीन-तीनदा वाचतात. फोन घ्यायचं बटण ओढायच्या आधी क्षणभर डोळे मिटतात आणि मनातल्या मनात हात जोडतात, तू नको असू रे बाबा, तू नको असू.